अर्ज दप्तरी दाखल झाला? अभिनंदन!

तुमच्या अर्जावर 'दप्तरी दाखल' असा शेरा पडला, तर आधी पेढे वाटा. मी वाटले. सात-बाऱ्यावर वडिलांच्या नावातल्या 'ळ'चा 'ल' झालाय, तेवढा दुरुस्त करा, असा अर्ज फेब्रुवारीत दिला होता. जूनमध्ये एका ओळीचं पत्र आलं: 'सदर अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे.' दाखल म्हणजे घेतला की! शाळेत पोर दाखल होतं, दवाखान्यात पेशंट दाखल होतो, पुढे त्यांचं काहीतरी होतंच ना? पेढे संपल्यावर वकील म्हणाले, "काका, फाईल बंद केलीय तुमची."

चिडू नका. व्युत्पत्ती शिका. 'दाखल' अरबी, म्हणजे आत शिरलेला. 'दप्तर' फारसीतून आलं, पण मूळ ग्रीक 'डिफ्थेरा': कमावलेलं कातडं, ज्यावर लिहीत. म्हणजे अर्ज कातड्याच्या आत गेला. कातडं कुठल्या जनावराचं, ते तुम्ही ओळखा. याच शब्दावरून 1826 साली ब्रेतोनो या फ्रेंच डॉक्टरांनी घटसर्पाला पुढे 'डिप्थेरिया' झालेलं नाव दिलं, कारण त्यात घशात कातड्यासारखा पडदा धरतो आणि श्वास कोंडतो. दप्तर आणि घटसर्प सख्खी भावंडं! घटसर्पावर लस तरी निघाली.

पोहोच जपून ठेवा. उपयोग नाही, पण ठेवा.

रुमाल सोबत न्या. पेशवाईत कागद ज्या फडक्यात बांधत, त्या गठ्ठ्यालाच रुमाल म्हणत. पुण्याच्या पेशवे दप्तरात अजून तेच नाव चालतं. शब्दाचा अर्थ मात्र तोंड पुसायचं फडकं. खिडकीवरून परत फिरताना लागतंच. आणि त्या रुमालांतून अडीचशे वर्षांपूर्वीची मोडीतली चिठ्ठी आज काढून देतात हो! माझा फेब्रुवारीचा कागद सापडत नाही. 'दप्तरी दाखल आहे ना, मग शोधावा लागेल' म्हणे. शोधावा लागेल? दाखल कुठे केलात मग, विहिरीत?

'विहित नमुन्यात' नवा अर्ज करा. नमुना संपलेला असतो.

बास झालं. अहो साहेब, चार महिने एक 'ळ' उचलवला नाही तुम्हाला. द्यायचं नव्हतं तर 'नामंजूर' लिहा, खाली कारण लिहा, सही करा. मी अपिलात जातो. 1964 च्या अधिनियमाने मराठी राजभाषा झाली. त्या मराठीत 'नाही' असा दोन अक्षरी शब्द आहे. तो लिहायला हात का कापतो तुमचा?