घर खायला उठतं तेव्हा

गेले तीन आठवडे मी एका राक्षसासाठी जागा बघतेय. त्याला बजेटची अडचण नाही, स्टेशनपासून पाच मिनिटांवरच हवी असा हट्ट नाही, लिफ्ट नको, पार्किंग नको. एकच गोष्ट आड येते, तो मांसाहारी आहे. पण तेवढ्यावरून जागा नाकारली जाणं मुंबईत काही राक्षसांपुरतं नाही, त्यामुळे त्याबाबतीत मी त्याची समजूत काढलीय.

झालं असं, की माझा भाचा आणि त्याचे चार दोस्त दर शनिवारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. हा खेळ अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी 1974 साली काढला, म्हणजे तो माझ्याहून वयाने दोन वर्षं मोठा आणि गुडघ्यांनी बराच धडधाकट आहे. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीत शिरून वाट्टेल ते करतात, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गोष्ट सांगणाऱ्याला डीएम, म्हणजे डंजन मास्टर, म्हणतात. यांच्या डीएमला पुण्याला नोकरी लागली. मग भाच्याला आठवलं, की लहानपणी त्याला भरवताना मी घासागणिक नवा राक्षस पैदा करायचे. "मावशी, तूच हो ना डीएम. जागा पण तुझ्याकडे आहे."

खरं कारण शेवटच्या वाक्यात होतं. दादरला आमच्या घरात एक जेवणाचं टेबल आहे. त्याच्याभोवती सहा माणसं बसतात, त्यातल्या एकामुळे फ्रिज उघडत नाही एवढंच.

मी आईला सांगितलं, "मी डीएम झाले." तिच्या हातातली पळी तशीच राहिली. तिच्या फायलीवर डॉक्टर कित्येक वर्षं डी.एम., म्हणजे मधुमेह, लिहितायत आणि ती त्याच्या दोन गोळ्या घेते. "तरी सांगत होते, चहात साखर कमी घाल," ती म्हणाली.

आता राक्षसाविषयी. या खेळात मिमिक नावाचा एक प्राणी आहे, 1977 च्या त्यांच्या राक्षसकोशापासून आहे. त्याचा धंदा एकच. खजिन्याची पेटी होऊन कोपऱ्यात पडून राहायचं. कुणी लोभाने झाकणाला हात लावला की हात चिकटतो, आणि मग पेटीला दात फुटतात. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. भागवतातला अघासुर हेच करतो. योजनभर लांब अजगर होऊन तो तोंड उघडून वाटेत पडला, तेव्हा गोपाळ म्हणाले, काय हुबेहूब अजगराच्या जबड्यासारखी जागा आहे! आणि टाळ्या वाजवत आत गेले. सगळं ओळखून आत गेले. या वाक्यापाशी मी जरा थांबायला हवं होतं. नाही थांबले.

पेटीचं सोंग आता जुनं झालंय. ही पोरं पेटी दिसली की आधी तिला लांबून काठीने ढोसतात, मग नमस्कार करतात, मग जाळतात. म्हणून म्हटलं पेटी नको, अख्खं घरच राक्षस करू. घर पाहावं बांधून म्हणतात, आपण दातांसकट बांधून पाहू.

पहिल्या शनिवारी मी घनदाट जंगलात एक धर्मशाळा उभी केली. बाहेर पाऊस, आत कंदील, खिडकीत पडदे. पाचही जण जागच्या जागी थबकले. "रात्री अकराला रिकामी खोली? खिडकीसकट?" भाचा म्हणाला. "आणि एजंट पण नाही?" दुसरा म्हणाला. मिमिकला एकूण 58 एचपी असतात, म्हणजे तेवढा मार खाल्ला की तो संपला. माझी धर्मशाळा त्यांनी लांबूनच बाण आणि पेटते गोळे मारून चहा यायच्या आत संपवली. दाराची कडी वाजवण्याइतकीही माणुसकी दाखवली नाही.

दुसऱ्या शनिवारी गुहा. गुहेत संशय येण्यासारखं काय असतं? काही नसतं. पण भाचा गुहेच्या तोंडाशी उभा राहून लाडात ओरडला, "काय गं गुहे, आज बोलत नाहीस? रोज तर ओ देतेस." आणि मी, तीन तास राक्षसाच्या भूमिकेत बसून बसून, खर्जात म्हणाले, "ये, आत ये."

पंचतंत्रातली ती कोल्ह्याची आणि सिंहाची गोष्ट त्याला वरणभातासोबत मीच सांगितली होती. निदान वीस वेळा.

त्या रात्री मी आलेखाचे कागद पसरून बसले, तर आई समोर मेथी निवडत होती. तिला मी लाक्षागृहाचं उदाहरण दिलं. पुरोचनाने एवढा राजवाडा बांधला, पण युधिष्ठिराला तूप आणि लाखेचा वास आलाच. म्हणजे सोंग कुठे फुटतं, तर वासात. आई म्हणाली, "मग फोडणी द्यायची होती हिंगाची. हिंगापुढे लाख कुठली कळतेय." मी पेन्सिल उचलली.

"बघू तुझं घर," म्हणत तिने चष्मा लावला. मी काढलेलं दार तिने बराच वेळ पाहिलं.

"चपला कुठायत?"

"अगं, राक्षसाला चपला कशाला?"

"राक्षसाला नकोत. घराला हव्यात. दाराशी चपला नाहीत म्हणजे आत माणूस नाही. आणि सगळ्या जोडीने लावू नकोस, एखादी तरी उलटी पडलेली हवी. दुधाच्या पिशवीला खिळा?"

"मारते."

"बेल?"

"आहे की."

"ती बंद ठेव. वर चिकटपट्टीने कागद लाव, 'बेल बंद आहे, कडी वाजवावी.' म्हणजे हात बरोब्बर कडीलाच जाईल."

कडी म्हणजे राक्षसाच्या जिभेचं टोक. मला ज्या गोष्टीसाठी दोन आठवडे लागले, ती या बाईने मेथीची एक जुडी संपायच्या आत केली होती. इतकी वर्षं मी हिच्या हातचं जेवतेय, हा विचार मनात येऊन गेला.

मग आम्ही दोघी बसलोच. राक्षसाचा श्वास म्हणजे कुकरची शिट्टी, तीन झाल्या की गॅस बारीक. वरचे दात म्हणजे मांडणीवर पालथे घातलेले पेले. खालचा जबडा ओटा. भिंतीवर कॅलेंडर, त्यात दुधाच्या खाड्याच्या फुल्या, आणि पान मागच्याच महिन्याचं. "पुढचं पान उलटलेलं असलं तर संशय येतो," आई म्हणाली. या घराला लागून आणखी एकोणीस खोल्या काढल्या, सगळ्या साध्या, माणसांच्या. वाचलं ना, चाळच काढली. मापही वरळीच्या बीडीडी चाळींचं घेतलं, 160 चौरस फूट. या खेळात नकाशावरचा एक चौकोन पाच फुटी धरतात, तेव्हा अख्खं घर साडेसहा चौकोनही भरेना. त्यात पाच जण शिरणार. राक्षसाला हलायला जागा नव्हती, पण चाळीत ती कुणालाच नसते.

बाबा गेल्यापासून आई अधूनमधून म्हणायची, घर नुसतं खायला उठतं. त्या रात्री साडेअकराला ती स्वतःच्या हाताने एका घराला दाढा काढत होती आणि मला विचारत होती, "किडकी दाखवू का एखादी?"

तिसरा शनिवार. बाहेरही पाऊस, गोष्टीतही पाऊस. पाच जण चिंब भिजून, लढाईतून अर्धमेले होऊन चाळीत आले. मी चपलांचं वर्णन केलं. उलटी चप्पल ऐकून भाचा हसला, म्हणजे संशय मावळला. फिजिओथेरपी शिकणारी मुलगी खेळात आमची योद्धा आहे, तिने कागद वाचला आणि कडी धरली.

"हात चिकटला," मी शक्य तेवढ्या थंडपणे म्हणाले.

"ऑइलपेंट ओला असेल," ती म्हणाली. आणि मागे वळून बाकीच्यांना, "नुकताच रंग दिलाय रे. म्हणजे भाड्याने द्यायचीय."

इथून पुढचं माझ्या वहीत नाही.

आर्किटेक्चरवाली म्हणजे आमची चेटकीण. तिने मंत्र टाकून सापळे शोधावेत अशी माझी अपेक्षा. तिने विचारलं, "एकशे साठ, कार्पेट की बिल्टअप?" मी म्हटलं कार्पेट. टेबलाभोवती कुजबुज झाली. सीए ची आर्टिकलशिप करणारा आमचा पुरोहित, त्याने भिंतीवर टकटक केली. "ओल आहे?" नाही. खरंच नव्हती, जिवंत भिंतीला कसली ओल. "पाणी किती वाजता येतं?" मी म्हटलं, चोवीस तास.

सगळे गप्प.

"छतातून ठिबकतं," मी घाईने म्हणाले. "जरा कोमट आहे. चिकट आहे."

"टँकरपेक्षा बरं," पुरोहित म्हणाला.

शेवटी भाच्याने फासा टाकला आणि वीस पडले. आमच्या टेबलावर वीस पडले की डीएमला सगळं खरं सांगावं लागतं. मी आवाज खाली आणला. भिंत गरम आहे. ती वर-खाली होतेय. लादीखाली काहीतरी धडधडतंय. हे घर नाही रे, हा जिवंत प्राणी आहे, तुम्ही त्याच्या तोंडात उभे आहात आणि मध्यरात्री तो तुम्हाला खाणार आहे. बाहेर खरोखरीची वीज कडाडली, असं भाग्य डीएमला क्वचित लाभतं.

खेळात त्यांचा बुटका होणारा एक मुलगा आहे, नालासोपाऱ्याहून येतो. तीन शनिवारांत तो पोह्यांखेरीज कशावरही बोलला नव्हता. त्याने हात वर केला. "मावशी, इथून दादर स्टेशन किती लांब?"

"आमची इमारत?"

"नाही, हे तोंड."

मी म्हटलं दहा मिनिटं. तो म्हणाला, मी राहतो.

मग पाचही जण राहिले. अकरा महिन्यांचा करार झाला. डिपॉझिट म्हणून तीन मेलेले गॉब्लिन, भाडं महिन्याला एक, पोलीस व्हेरिफिकेशन नेमकं कुणाचं करायचं यावर वीस मिनिटं गेली. मध्यरात्री मी ठरल्याप्रमाणे पेले खाली आणले, ओटा वर उचलला, कुकरची चौथी शिट्टी दिली. चेटकिणीने दाढेवर ओला टॉवेल वाळत घातला. वास्तुशास्त्राप्रमाणे दात पूर्वेकडे आहेत ना, एवढं मात्र विचारलं.

चिडून मी त्याला पळवायचं ठरवलं, तर नियमात त्याची चाल सहा सेकंदांना पंधरा फूट. म्हणजे संध्याकाळी साडेसहाला दादरच्या पुलावर माणूस ज्या चालीने सरकतो, जवळपास तीच. पोटात पाच भाडेकरू घेऊन तो चाळीच्या जिन्यापर्यंतही पोहोचला नसता. रूप बदलून निसटावं, तर आतल्या खिळ्यांना यांचे डबे, छत्र्या आणि एक ढाल लटकलेली.

सोमवारी ऑफिसात जेवताना मी हे सगळं सांगितलं. आमच्याकडचे एकजण गिरगावात पागडीच्या जागेत राहतात. त्यांच्या घरमालकाला त्यांना काढायचंय, आणि 1947 च्या जुन्या भाडेकायद्यापासून 1999 च्या नव्या कायद्यापर्यंत सगळी कलमं त्यांना तोंडपाठ आहेत. ते शांतपणे डबा पुसत म्हणाले, "अकरा महिन्यांचा करार नोंदवलाय का? नसेल तर तुमचा राक्षस संपला. त्याला म्हणावं, धोबीतलावला लघुवाद न्यायालयात तारीख घे." त्यांना घरमालकाविषयी एवढ्या कळवळ्याने बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

आज सकाळी भाच्याने नवा नकाशा पाठवला. आर्किटेक्चरवालीने काढलाय, नीट मोजमापं घालून. आतली उंची तेरा फूट आहे आणि ती नुसती वाया जात होती, असं खाली लिहिलंय. दाढांच्या मागे वासे टाकून, फळ्या ठोकून त्यांनी चांगला ऐसपैस पोटमाळा काढलाय. तिथे बुटका झोपणार.

मी आईला फोन दाखवला. तिने चष्मा कपाळावर सरकवला, मग परत खाली घेतला, बोटांनी चित्र मोठं केलं.

"शिडी दाराआड ठेवा म्हणावं, पायात येईल," ती म्हणाली. "आणि त्याला रात्री कोमट पाण्यातून हिंग द्या. बिचारा."