न्येरेरे जिथे थांबले

पहिलीपासूनच्या हिंदी सक्तीवरून 2025 साली महाराष्ट्रात रान पेटलं आणि जूनअखेर सरकारला दोन्ही शासन निर्णय मागे घ्यावे लागले. त्या दिवसांत इथे टांझानियातल्या दार-ए-सलाममध्ये मला सारखे ज्युलियस न्येरेरे आठवत होते. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, पेशाने शिक्षक. लोक आजही त्यांना ‘म्वालिमु’, म्हणजे गुरुजीच म्हणतात.

त्यांची मातृभाषा झनाकी, एका छोट्या जमातीची. शंभराहून अधिक भाषांच्या देशात त्यांनी ती कुणावर लादली नाही. स्वाहिलीला हाताशी धरलं, 1967 पासून प्राथमिक शिक्षण स्वाहिलीतून सुरू केलं, स्वतः शेक्सपिअरची दोन नाटकं स्वाहिलीत आणली. आज करियाकूच्या बाजारात भाजीवाली आणि वकील एकाच भाषेत घासाघीस करतात. ‘उजामा’च्या, म्हणजे गावोगावच्या सामूहिक शेतीच्या समाजवादाच्या, नावाखाली याच माणसाच्या सरकारने लाखो शेतकऱ्यांना बळजबरीने नव्या गावांत हलवलं, आणि तो प्रयोग फसला. स्वाहिली मात्र रुजली, कारण ती आधीपासूनच व्यापाराची आणि स्वातंत्र्याच्या सभांची भाषा होती.

पण माध्यमिक शाळा इंग्रजीतच राहिल्या. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला शिक्षण आयोगाने तिथेही स्वाहिली आणा म्हणून सांगितलं. सरकारने मानलं नाही. इंग्रजी सोडायला खुद्द न्येरेरेही तयार नव्हते. याची किंमत मला शेजारच्या मुलीत दिसते. सातवीत असताना तिने अंगणातल्या आंब्याचं पान तोडून मला ‘उसानिसिनुरु’, म्हणजे प्रकाशसंश्लेषण, झकास समजावलं होतं. आता वरच्या वर्गात तोच धडा ती इंग्रजीत घोकते. मध्येच काही विचारलं की गप्प होते. ज्यांना परवडतं ते आईबाप तर पहिल्यापासूनच इंग्रजी शाळा गाठतात.

आपल्याकडे वेगळं काय आहे? सक्ती गेली याचा मला मनापासून आनंद आहे. पण आपलं सगळं भांडण पहिलीच्या वर्गाशीच थांबतं. अकरावी विज्ञान मराठीतून शिकायचं म्हटलं तर कॉलेज शोधत फिरावं लागतं. मोर्चे त्यासाठी निघायला हवेत: मराठीतल्या पाठ्यपुस्तकांसाठी, मराठीतून रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांसाठी. पुण्यातल्या माझ्या बहिणीने मुलाला इंग्रजी शाळेत घातलं, ते मराठीवरचं प्रेम आटलं म्हणून नव्हे. दहावीनंतर मराठीतून पुढे जायचा रस्ताच तिला दिसला नाही.