अनाथ मुलं भेटतील. आईची चौकशी करू नये

चर्चच्या फलकावर यंदाच्या मिशन ट्रिपचा, म्हणजे गटाने परदेशी सेवेला (यंदा अनाथालयात) जायचा, कागद लागलाय आणि तो वाचताना तुमच्या छातीत काहीतरी हललंय, तर ते देवाचं पाचारणच आहे, दुसरं काही नाही. उन्हाळ्याची सुट्टी, विमानप्रवास, परदेशातला समुद्र आणि प्रभूची सेवा एकाच तिकिटात बसवणारी दुसरी योजना माणसाला अजून सुचलेली नाही. शिवाय तुम्ही एकटे नाही. 2005 साली एकट्या अमेरिकेतून सुमारे 16 लाख लोक अशा सहलींना (सेवा म्हणायचं, सहल म्हणायचं नाही) गेल्याचं प्रिन्स्टन विद्यापीठाच्या पाहणीत दिसलं होतं. सरासरी मुक्काम आठ दिवस. जगाचं दुःख आठ दिवसांत आटोपतं; त्यातले दोन दिवस विमानतळांवर जातात एवढं मात्र हिशेबात धरा.

देश निवडताना फार डोकं चालवू नका. हैती, कंबोडिया, युगांडा, केनिया, ग्वाटेमाला, नेपाळ, कुठेही चालेल. विमानतळापासून रस्ता बरा हवा आणि शेवटच्या दिवशी जरा बघण्यासारखं काही जवळ हवं. अनाथ मुलं नेमकी अशाच ठिकाणी जास्त सापडतात. नेपाळचंच बघा. मुलं येतात हुमलासारख्या डोंगराळ, रस्ता न पोचलेल्या जिल्ह्यातून, आणि अनाथालयं उभी राहतात काठमांडूच्या खोऱ्यात, पोखऱ्यात आणि चितवनला. पर्यटक उतरतो तिथे. या मुलांना एक माणूस घरून घेऊन आलेला असतो. शाळेत घालतो म्हणून त्याने आईवडिलांकडून पैसे घेतलेले असतात आणि वाटेत कुठेतरी तेच आईवडील वारल्याचे कागद तयार झालेले असतात. तुम्हाला यातलं काही दिसणार नाही. तुम्हाला दिसेल तो फाटकाशी लावलेला स्वागताचा फलक.

पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असेल, की जगात 14 कोटी अनाथ मुलं आहेत. आकडा खरा आहे, युनिसेफचा आहे, 2015 चा आहे. फक्त त्याच्या पोटात शिरू नका. आईवडिलांपैकी एक जरी गेलं असलं तरी ते मूल या मोजणीत येतं. दोघंही गेलेली मुलं त्यात सुमारे दीड कोटी, आणि तीही बहुतेक कुणा आजीकडे, मावशीकडे, थोरल्या भावाकडे राहतात. आता आजीकडे राहणाऱ्या मुलाला भेटायला एकसारखे टी-शर्ट घातलेली वीस माणसं कशी जाणार? आजी त्यांना बसवणार कुठे? तेव्हा चौदा कोटी हाच आकडा पाठ करा आणि वर्गणी मागताना तोच सांगा.

इथेच एक जुना मुद्दा कुणीतरी काढेल. कंबोडियात 2005 ते 2010 या पाच वर्षांत मुलांना ठेवणाऱ्या संस्था 75 टक्क्यांनी वाढल्या. त्या काळात आईबाप मरण्याचं प्रमाण काही वाढलं नव्हतं. वाढले होते पर्यटक आणि देणगीदार. आणि त्या संस्थांतल्या दर चार मुलांपैकी सुमारे तिघांची आई किंवा वडील, निदान एक तरी, जिवंत होते. हा मुद्दा काढणाऱ्याला म्हणावं, बाबा रे, मागणी असली की पुरवठा होतोच, हा तर अर्थशास्त्राचा पहिला धडा. गरीब बाईला सांगितलं जातं की तुझ्या पोराला तिथे शाळा मिळेल, इंग्रजी मिळेल, दोन वेळचं जेवण मिळेल. ती रडते आणि पाठवते. मुलं जितकी, तितका देणगीचा आकडा. काही ठिकाणी तर मुलांना फार गुबगुबीत होऊ देत नाहीत आणि भिंतींची डागडुजीही मुद्दाम करत नाहीत, कारण सगळं ठाकठीक दिसलं तर तुम्ही खिशात हात कशाला घालाल? म्हणजे तुम्ही नुसते पाहुणे नाही आहात. त्या अनाथालयाचा पाया तुम्ही आहात. याचा अभिमान बाळगा.

टी-शर्टच्या पाठीवर बायबलचं वचन हवंच. याकोबाचं पत्र, 1:27, हे ठरलेलं. अनाथांच्या संकटात त्यांचा समाचार घ्यावा, हेच शुद्ध आणि निर्मळ धर्माचरण, अशा अर्थाचं. पुस्तक उघडून बघाल तर तिथे अनाथांच्या शेजारीच, त्याच वाक्यात, विधवाही बसलेल्या आहेत. पण टी-शर्टवर जागा कमी असते. शिवाय विधवांचा समाचार घेणं हा सगळा गटच अडचणीत आणणारा प्रकार आहे. विधवेला एक शिवणयंत्र मिळालं, चार महिन्यांचं घरभाडं सुटलं, पोराची शाळेची फी कुणी भरली, की ती पोराला कुठे पाठवतच नाही. घरीच ठेवून घेते. असं सगळ्याच विधवांनी सुरू केलं तर तुम्ही गालावर फुलपाखरं कुणाच्या रंगवणार? आणि विधवा मांडीवर येऊन बसत नाहीत, हेही आहेच.

पैशाचं काम सोपं आहे. माणशी दोन-तीन हजार डॉलर लागतात. गाड्या धुवा, केक विका, नातेवाइकांना पत्रं लिहा. पत्रात ‘या मुलांना आपली गरज आहे’ हे वाक्य पहिल्या परिच्छेदात आणि बँक खात्याचा तपशील शेवटी. मंडळीच्या सभेत कुणीतरी खजिनदार छापाचा माणूस उठेल आणि विचारेल, की वीस जणांचे पन्नास हजार डॉलर होतात, तेवढ्यात तिथल्या किती कुटुंबांचं किती वर्षं भागेल? असा माणूस प्रत्येक मंडळीत एक तरी असतो. त्याला प्रेमाने सांगा, पैसे पाठवून मनं बदलत नसतात. कुणाची मनं, असं त्याने विचारलं तर पाळकसाहेबांनी लगेच प्रार्थना सुरू करावी.

आता पोचल्यावरचं. गाडीचं दार उघडायच्या आत मुलं धावत येतील, तुमच्या कमरेला मिठी मारतील, तीन मिनिटांत एक पोर मांडीवर असेल. हा क्षण परत आल्यावर चर्चमध्ये साक्ष देताना कामाला येतो, म्हणून नीट लक्षात ठेवा. तुमचं स्वतःचं चार वर्षांचं मूल बागेत अनोळखी माणसाच्या गळ्यात असं पडलं तर तुम्ही घाबराल, डॉक्टरांकडे न्याल. पण इथे त्याला निर्व्याज प्रेम म्हणतात. रोमानियात हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट 1989 मध्ये पडली आणि तिथली अनाथालयं जगाला दिसली. पुढे बुखारेस्टमध्ये काही संशोधकांनी 136 लहान मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. निम्म्या मुलांना सांभाळणाऱ्या कुटुंबांत ठेवण्याचं ठरलं, बाकीच्यांची नेहमीची संस्थेतली देखभाल चालू राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, बोलणं, माणसाला धरून राहण्याची ताकद, सगळंच पुढे निघालं, आणि जितकं लवकर गेलं तितकं जास्त. संस्थेत वाढणारी मुलं दिसेल त्याला बिलगतात, हेही अशा अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलं, कारण आपलं माणूस कोण हे ठरवायची संधीच त्यांना मिळालेली नसते. पण हे सगळं वाचून मिठीतली मजा जाते. विमानात वाचायला दुसरं काहीतरी घ्या.

एका मुलाला ‘आपलं’ मूल म्हणून निवडा. सात-आठ जणांच्या अंगावर खेळणारं नको, जरा कोपऱ्यात बसणारं असलं तर गोष्ट चांगली होते. तिसऱ्या दिवशी ते तुमच्या मागे मागे फिरू लागेल, पाचव्या दिवशी तुमचं नाव घेऊन झोपेल आणि सातव्या दिवशी तुम्ही निघाल. निघताना ‘मी नक्की परत येईन’ असं जरूर सांगा. ते तुम्हीही खरं मानून सांगत असाल, त्यामुळे खोटं बोलल्याचं पाप लागत नाही. मागच्या आठवड्यातल्या गटातल्या ताईनेही हेच सांगितलं होतं आणि पुढच्या आठवड्यातला दादाही हेच सांगणार आहे. मूल ऐकून घेतं. त्याला सवय आहे.

मुलांना हातवाऱ्यांची गाणी शिकवायची, हा कार्यक्रमातला ठरलेला भाग. हैतीत असाल तर क्रेओल भाषेतला एक शब्दही येण्याची गरज नाही. मुलांना ते गाणं तुमच्यापेक्षा चांगलं येत असतं, उन्हाळाभर दर सोमवारी ती ते नव्याने शिकत असतात. चुकीचा हात वर केलात तर ती गुपचूप दुरुस्त करतील. चेहऱ्यावर आश्चर्य मात्र तुम्ही आणायचं.

ओळखपत्र, पोलिसांचा दाखला, मुलांसोबत काम केल्याचा अनुभव असलं काही सोबत नेऊन सामानाचं वजन वाढवू नका. आपल्या देशातल्या बालवाडीत एक तास बसायचं तर दहा अर्ज भरावे लागतात. इथे कुणी विचारत नाही. टी-शर्ट पुरतो. पोरांना झोपवायला, आंघोळ घालायला, एकट्याने बाहेर फिरवायला न्यायचं असलं तरी चालतं. वाईट हेतूने येणाऱ्यालाही हेच फाटक असंच सताड उघडं असतं, पण अशी शंका मनात आणणं म्हणजे श्रद्धा कमी पडली.

फोटोंबद्दल मत्तयाच्या शुभवर्तमानात थोडी अडचण आहे. सहाव्या अध्यायात दानधर्माबद्दल सांगितलंय, की उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. तुमचा उजवा हात मुलाच्या खांद्यावर असणार आणि डाव्यात मोबाइल, त्यामुळे डाव्याला कळणं भाग आहे. तो काळच वेगळा होता. मुलाची परवानगी घ्यायची का? त्याचं नाव, आजार, आईने त्याला कसं टाकलं याची संचालकांकडून ऐकलेली कहाणी फोटोखाली घालायची का? तुमच्या भाचीचा असा फोटो तिच्या शाळेने टाकला असता तर तुम्ही वकील गाठला असता. पण ही भाची नव्हे.

हातांनाही काही काम हवं म्हणून रंगाचे डबे आणलेले असतील. तुम्हाला रंगकाम येत नाही आणि तिथे रंगारी कामाविना बसलेले आहेत, याने विचलित होऊ नका. मेक्सिकोतलं एक चर्च एकाच उन्हाळ्यात सहा गटांनी सहा वेळा रंगवल्याची बातमी 2008 मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात आली होती. त्याच बातमीत ब्राझीलमधलं एक अनाथालय होतं, जिथे पाहुण्यांनी मुलांच्या फुटबॉलच्या मैदानावर भिंत बांधून दिली आणि पाहुण्यांची पाठ फिरल्यावर ती पाडावी लागली. तरी त्या भिंतीचे फोटो कुणाच्या तरी चर्चमध्ये अजून लागलेले असतील, आणि फोटोत भिंत सरळ दिसत असेल.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र उत्साह आवरा. हैतीत जानेवारी 2010 चा भूकंप झाला तेव्हा अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या बाप्टिस्ट मंडळींसह दहा जण मदतीला गेले आणि 33 मुलांना बसमध्ये घालून सीमेपलीकडे डॉमिनिकन रिपब्लिकला न्यायला निघाले. सीमेवर अडवले गेले, तुरुंगात बसले. बहुतेक मुलांचे आईवडील जिवंत निघाले. चांगली शाळा मिळेल, भेटायलाही येता येईल, असं ऐकून त्यांनी स्वतःच्या हाताने मुलं बसमध्ये बसवली होती. तेव्हा मूल घेऊन यायचा मोह टाळा. मूल तिथेच ठेवायचं आणि दरमहा पैसे पाठवायचे, म्हणजे कुठलीच सीमा ओलांडावी लागत नाही, आणि ते घरीही जात नाही.

हल्ली सरकारंही मधे मधे येऊ लागली आहेत. ऑस्ट्रेलियाने 2018 मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा करताना अनाथालयं भरण्यासाठी होणारी मुलांची तस्करीही त्या गुलामगिरीत धरली. 2019 च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव करून अनाथालयांच्या पर्यटनाविरुद्ध देशांना सावध केलं. रवांडाने तर 2012 पासून अनाथालयं बंद करून मुलांना कुटुंबांत पाठवायला सुरुवात केली. तुमच्याही अनाथालयाकडून एखाद्या वर्षी ईमेल येईल, की समाजसेविका आल्या होत्या, गावोगाव फिरल्या, मुलांची घरं शोधली, आता इथे कुणी उरलं नाही, आपल्या प्रेमाबद्दल आभार. तोवर टी-शर्ट छापून झालेले असतील आणि विमानाची तिकिटं परत होणारी नसतील. अशा वेळी खचू नका. टी-शर्टवर देशाचं नाव आधीपासूनच घालू नये ते यासाठी. दुसरा देश बघा, आणि या खेपेला आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी तिथल्या समाजकल्याण खात्याकडे गाडी, पेट्रोल आणि गावोगाव फिरणारी माणसं नाहीत ना, एवढं खात्रीने विचारून घ्या.