फुगलेले गुण आणि श्रेणीवर फुटणारे खापर

निकालांचा हंगाम आला की एक संदेश दरवर्षी नव्याने फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो. आमच्या काळी साठ टक्के मिळाले तरी पेढे वाटले जात, आता नव्वदवालाही तोंड पाडून बसतो. श्रेणी पद्धत आली आणि पदवीची किंमत गेली. इंटर्नलचे गुण प्राध्यापक खिरापतीसारखे वाटतात. परदेशात असले लाड चालत नाहीत. तेव्हा एकतर टक्केवारी परत आणा, नाहीतर आयआयटीसारखी सापेक्ष श्रेणी, म्हणजे वर्गातल्या इतरांच्या तुलनेत ठरणारी श्रेणी, सगळीकडे सक्तीची करा. या संदेशातली मूळ तक्रार खोटी नाही. गुण फुगले आहेत, हे अनेक वर्षे उत्तरपत्रिका तपासल्यानंतर मी तरी नाकारू शकत नाही. मात्र संदेशाने केलेले निदान बव्हंशी चुकले आहे आणि सुचवलेल्या औषधाचा रोगाशी फारसा संबंध नाही.

पहिला मुद्दा पेढ्यांचा. गुण वाढले म्हणजे मुलांची कुवत किंवा शिक्षणाचा दर्जा घसरला, असे संदेश गृहीत धरतो. आपल्याच दहावीचे निकाल या गृहीतकाला छेद देतात. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता, २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला आणि २०२० मध्ये ९५.३० टक्क्यांवर गेला. दोन वर्षांत मुले एकदा ढ झाली आणि मग एकदम हुशार झाली, असे कोणी म्हणणार नाही. २०१९ साली भाषा आणि सामाजिक शास्त्रांतील अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण काढून टाकले होते, शिवाय अभ्यासक्रमही नवा होता. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि टाळेबंदीमुळे भूगोलाची परीक्षाच झाली नाही. म्हणजे आकडा हलला तो परीक्षेच्या रचनेमुळे. साठ टक्के आणि नव्वद टक्के हे दोन वेगवेगळ्या मापांवरचे आकडे असतील, तर त्यांची वजाबाकी करून पिढ्यांची तुलना करता येत नाही. त्यातून दर्जा घसरल्याचे सिद्ध होत नाही आणि, हेही सांगितले पाहिजे, तो वाढल्याचेही सिद्ध होत नाही.

‘श्रेणी पद्धतीने घोटाळा केला’ हा दुसरा मुद्दा ऐकायला पटणारा आहे, पण श्रेणी कशी ठरते हे पाहिले की तो ढासळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने निवड-आधारित श्रेयांक पद्धतीसाठी (विद्यार्थ्याने विषय निवडायचे आणि प्रत्येक विषयाला ठरावीक श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, अशी पद्धत) सुचवलेल्या दहा अंकी श्रेणीत ‘ओ’ म्हणजे १०, ‘ए प्लस’ म्हणजे ९, असे उतरत ‘पी’ म्हणजे ४ आणि ‘एफ’ म्हणजे शून्य येते. आपल्या बहुतेक विद्यापीठांत आधी गुण दिले जातात आणि मग त्या गुणांच्या टप्प्यावरून अक्षर ठरते. गुण फुगलेले असतील तर अक्षरही फुगलेलेच येणार. अक्षर पुसून पुन्हा गुण छापले म्हणून फुगवटा उतरणार नाही.

टक्केवारीचा काळ तरी सोवळा होता का? मुंबई विद्यापीठाचे सवलतीच्या गुणांचे अध्यादेश ज्यांनी वाचले आहेत, त्यांना ठाऊक आहे की सवलत केवळ उत्तीर्ण होण्यापुरती नव्हती. सर्व विषयांत उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला वरची श्रेणी (म्हणजे सेकंड किंवा फर्स्ट क्लास) थोडक्यात हुकत असेल, तर एकूण गुणांच्या १ टक्का किंवा १० गुण, यांपैकी जे कमी असेल तेवढी भर घालून त्याला वरच्या श्रेणीत बसवण्याची तरतूद होती. ज्या प्रथम श्रेणीचे पेढे वाटले, तिच्यातल्या काही जणांच्या पेढ्यांत विद्यापीठाचीही साखर होती. ती तरतूद मला गैर वाटत नाही. पण ‘तेव्हाचा आकडा शुद्ध होता’ हा दावा तिच्यापुढे टिकत नाही.

खरी गफलत श्रेणीचे पुन्हा टक्के करताना होते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या सूत्रात सीजीपीएतून, म्हणजे सर्व विषयांच्या श्रेणी-अंकांच्या एकत्रित सरासरीतून, ०.७५ वजा करून आलेल्या संख्येला दहाने गुणतात; सीबीएसईने दहावीसाठी ९.५ ने गुणायला सांगितले होते. ६.२ सीजीपीए पहिल्या सूत्राने ५४.५ टक्के होतो, दुसऱ्याने ५८.९. ही दोन सूत्रे वेगळ्या परीक्षांची आहेत हे मान्य, पण विद्यापीठांचीही आपापली सूत्रे आहेत, आणि सहाय्यक प्राध्यापकपदाच्या नेट-सेट या पात्रता परीक्षांसाठी पदव्युत्तर पदवीला खुल्या वर्गात ५५ टक्के लागतात. तेच ज्ञान, तीच गुणपत्रिका, आणि दार उघडणार की नाही हे गुणाकाराच्या पद्धतीवर ठरणार. टक्केवारी परत आणा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की ती कधी गेलीच नव्हती. ती मागच्या दाराने रोज येते आणि येताना अर्थ बिघडवून येते.

आता इंटर्नलच्या खिरापतीकडे वळू. इथे संदेशाचे म्हणणे बरेचसे खरे आहे, आणि म्हणूनच त्याचे कारण ‘प्राध्यापकांचा सैलपणा’ एवढ्यावर सोडून देणे मला अप्रामाणिक वाटते. वर्गात कोण उभा असतो ते पाहा. अनेक महाविद्यालयांत तो तासिका तत्त्वावर नेमलेला असतो. पुढच्या वर्षी त्याला बोलावणार की नाही, हे संस्था ठरवते. विनाअनुदानित तुकडी विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालते आणि निकाल खराब लागला तर पुढचे प्रवेश घटतात. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांच्या उत्तीर्णतेचे प्रमाण हा एक निकष राहिला आहे, म्हणजे महाविद्यालयाची श्रेणी काही अंशी त्याच महाविद्यालयाने दिलेल्या गुणांवर अवलंबून. त्यात ५५ टक्क्यांची अट आहे आणि कॅम्पस मुलाखतीसाठी अनेक कंपन्यांनी घातलेली ‘सर्वत्र साठ टक्के’ ही अट आहे. अशा वेळी ५३ वर अडकलेल्या मुलीच्या प्रकल्पाला वीसपैकी अकरा द्यायचे की पंधरा, हा प्रश्न शिक्षकाला पडतो तेव्हा तो तिच्या प्रकल्पाबद्दलचा राहिलेला नसतो. मीही त्या जागी बसलो आहे आणि माझा हातही नेहमी अकरावर थांबलेला नाही.

मग अंतर्गत गुण रद्द करून सगळे लेखी परीक्षेवर सोपवावे का? त्याने खिरापत थांबेल, पण मापन अचूक होईलच असे नाही. मुंबई विद्यापीठात २०१७ साली उत्तरपत्रिका घाईघाईने संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्यावर निकाल कित्येक महिने रखडले आणि अखेर कुलगुरूंना पद गमवावे लागले, हे फार जुने नाही. कॅप केंद्रावर, म्हणजे उत्तरपत्रिका एकत्र तपासण्याच्या केंद्रावर, एका दिवसात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे संपवायचे असतात, तेव्हा तीन तासांच्या पेपरला काही मिनिटे मिळतात आणि गाइडमधले ठरावीक मुद्दे दिसले की गुण पडतात. ती काटेकोर परीक्षा नव्हे.

परदेशाचा दाखला सर्वांत कच्चा आहे. हार्वर्डमध्ये ‘ए’साठी रक्त आटवावे लागते, असे संदेशात हमखास असते. २०१३ साली तिथल्याच अधिष्ठात्यांनी प्राध्यापकांच्या सभेत सांगितले की पदवी स्तरावर मध्यक श्रेणी (सगळ्या श्रेणी क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी) ‘ए वजा’ आहे आणि सर्वाधिक वेळा दिली जाणारी श्रेणी ‘ए’ आहे. २०२५ च्या त्यांच्याच अहवालानुसार आता दिल्या जाणाऱ्या श्रेणींपैकी सुमारे ६० टक्के ‘ए’ असतात. गंमत म्हणजे ‘ए’ आणि ‘बी’ कधीकधी फार सहज दिले जातात, अशी तक्रार हार्वर्डच्या एका समितीने १८९४ सालीच नोंदवली होती. म्हणजे ‘आमच्या काळी असे नव्हते’ हे वाक्यही काही नवे नाही. इंग्लंडमध्ये प्रथम श्रेणीची पदवी मिळवणारे २०१०-११ मध्ये सुमारे १६ टक्के होते, २०२०-२१ मध्ये ते ३७ टक्क्यांच्या वर गेले. पुढे प्रमाण उतरले, पण जुन्या पातळीला आले नाही.

राहिला सापेक्ष श्रेणीचा उपाय. एकच शिक्षक, मोठा वर्ग आणि एकसारख्या चाळणीतून आलेले विद्यार्थी असतील तिथे ती निभावते. एम.ए. संस्कृतच्या नऊ जणांच्या वर्गात ‘वरचे दहा टक्के’ म्हणजे कोण? शिवाय सापेक्ष श्रेणी कोण कोणाच्या पुढे आहे ते सांगते. त्याला विषय किती आला, हे सांगत नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाने २००४ मध्ये ‘ए’ गटातील श्रेणी ३५ टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचे धोरण आणले. ते विभागांसाठीचे उद्दिष्ट होते, पण विद्यार्थ्यांनी त्याकडे प्रत्येक वर्गातला कोटा म्हणूनच पाहिले, शेजारी बसलेला मित्र प्रतिस्पर्धी वाटू लागला, आणि २०१४ मध्ये विद्यापीठाने ते मागे घेतले.

माझ्या मते श्रेणीला अर्थ येतो तो तिच्या शेजारी काय छापले आहे त्यावरून. गुणपत्रिकेत प्रत्येक विषयापुढे किती जण परीक्षेला बसले आणि त्यांची मध्यक श्रेणी काय होती, एवढी ओळ आली तर ज्या वर्गात अर्ध्या मुलांना ‘ओ’ आहे तिथला ‘ओ’ वाचणाऱ्याला आपोआप कळेल. ही माहिती परीक्षा विभागाकडे आजही असते. उपाय निर्धोक नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने १९९८ पासून विषयांच्या मध्यक श्रेणी संकेतस्थळावर जाहीर केल्या, तेव्हा सढळ हाताने गुण देणारे विषय कोणते हे विद्यार्थ्यांना आयते समजले आणि त्यांचा ओढा तिकडे वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. आपल्याकडे मात्र बहुतेक विषय अनिवार्य असतात आणि पेपर सामाईक असतो, त्यामुळे ही पळवाट बरीच अरुंद आहे. नव्या धोरणात ऐच्छिक विषय वाढतील तशी ती रुंदावेल, म्हणून आधी अनिवार्य विषयांपुरतीच ही ओळ छापून पाहावी.