दगड गार लागतो म्हणून ऊन अडवतो?

सध्या नाशिकच्या बांधकामाच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘काळ्या दगडात उष्णता शिरत नाही, हात लावून बघा. सिपोरेक्स ब्लॉकला आतून भोकं, त्यातून ऊन आत येतं. म्हणून वाडे गार, फ्लॅट गरम.’ तो वाचून ओळखीच्या एकाने आलेले सिपोरेक्स ब्लॉक (हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटचे) परत पाठवायला काढले, म्हणून हे लिहितोय.

आधी हात लावण्याचं बघू. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या पोळपाटाला आणि खालच्या कडप्प्याला पहाटे हात लावा. दोघांचं तापमान एकच, तरी कडप्पाच गार लागतो, कारण तो हाताची ऊब भराभर ओढून घेतो. गार लागणारा दगड उष्णता अडवत नाही, वाहून नेतो.

हे मोजायची रीत ठरलेली आहे. एकाच मालाच्या दोन लाद्यांमध्ये तापवलेली प्लेट, लाद्यांच्या बाहेरून थंड प्लेटा, आणि कडेने उष्णता निसटू नये म्हणून भोवती वेगळं तापवलेलं कडं. तापमानं स्थिरावली की किती वॅट लागले ते बघायचं. त्यावरून वाहकता निघते, म्हणजे मालातून उष्णता किती सहज वाहते त्याचा आकडा. आपल्या बेसाल्टची वाहकता साधारण १.५ ते २, भाजक्या विटेची ०.८ च्या आसपास, ब्लॉकची जेमतेम ०.२. भिंतीची जाडी मीटरमध्ये घेऊन या आकड्याने भागली की तिचा रोध, म्हणजे उष्णता अडवण्याची ताकद, मिळतो. दीड फुटी दगडी भिंतीचा येतो ०.२५, सहा इंची ब्लॉकचा ०.७५. तिप्पट!

ती भोकंच तर कामाची. त्यांत कोंडलेल्या हवेची वाहकता ०.०२६. मात्र ब्लॉक भिजला की वाहकता वाढते, म्हणून पावसाच्या बाजूचं प्लॅस्टर चोख हवं.

वाडे गार असतात, हे अगदी खरं. पण जुन्या नाशकातले वाडे बघा: दगड बहुतेक जोत्याला, वर वीट आणि लाकूड. आणि जाड भिंत उष्णता अडवण्यापेक्षा लांबवते. दीड फूट दगडातून दुपारी तीनचं ऊन आत पोचायला बारा-एक तास लागतात. तोवर इथली रात्र थंडावलेली असते, उघड्या खिडक्या आणि चौक ती ऊब बाहेर काढतात.

वरच्या मजल्यावरचा फ्लॅट तापतो तो मुख्यतः स्लॅबमुळे. पाच इंची आरसीसीचा रोध ०.०८, आणि एप्रिल-मेचं ऊन दिवसभर त्याच्यावरच. त्यामुळे ब्लॉक राहू द्या, गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा चायना मोझॅक (चिनी मातीच्या फरशीचे तुकडे) टाकणार का, एवढं कंत्राटदाराला आजच विचारा.