गंगेकाठची कणीक

जन्मात परातीला हात न लावलेला बाप्या उकिडवा बसून मन लावून कणीक मळताना बघायचा असेल, तर गंगाखेड-नांदेडकडे नदीकाठी जावं. आमच्याकडे गोदावरीला गंगा म्हणतात आणि गळ टाकणाऱ्याला रिकामटेकडा.

गळ टाकणं सोपं. त्याला काय लावायचं, ही खरी कटकट. सोयरिकीत मानपान सांगायला मध्यस्थ तरी असतो. इथं पाहुणा पाण्याखाली.

रोहूसाठी माझं माप ठरलेलं: दोन वाट्या शेंगदाण्याची पेंड, एक वाटी कणीक, चिमूटभर हिंग. पेंड कुटून चाळायचीच. खडा राहिला की गोळा तिथूनच फुटतो. पाणी चमच्याचमच्यानं. पेंड जास्त झाली तर गोळा पाण्यात विरतो आणि आपण तासभर नुसत्या लोखंडाची राखण करतो. कणीक जास्त झाली तर रबर! मासा ओढतो, आपण हिसका देतो, पण गळाचं टोक कणकेतून बाहेरच येत नाही. यावर आपला मराठवाडी तोडगा म्हणजे कापूस. सरकी काढून, पिंजून, चिमटीभर पिठात मळला की गोळा धरून राहतो. भाव नसलेल्या वर्षी तेवढाच उपयोग. बोराएवढा गोळा आधी बादलीत सोडून बघावा. दहा मिनिटं टिकला तर पास.

तंबाखू मळलेल्या हातानं पीठ मळू नये, माशाला वास फार कळतो. ही अट सांगितली की काठावरची निम्मी गर्दी कमी होते.

पाणी गढूळ असेल तर सरळ गांडूळ. उकिरड्याच्या कडेला खणावं, डब्यात ओलसर माती घालून ठेवावं. पाणी ओतलं की मरतात, आणि मेलेलं गांडूळ वळवळत नाही. गळात ओवताना शेपटीचं जरासंच टोक मोकळं सोडायचं. जास्त लोंबलं तर चिलापी तेवढंच तोडून पसार.

मरळीला हलतं भक्ष्य लागतं, तिच्यापुढं कणकेचा पाहुणचार फुकट. मृगळ तळाला चरतो, कटला वरच्या पाण्यात. कटल्यासाठी तळाशी गोळा सोडणं म्हणजे माडीवरच्या पाहुण्याचं ताट पेवात वाढणं.

मासे जमवायला शिजवलेली ज्वारी टाकावी, पण मूठभर. पाटीभर टाकली की मंडळी जेवून, ढेकर देऊन निघून जातात.

आणि उरलेला गोळा घरच्या फ्रीजमध्ये ठेवू नये. का, ते विचारू नका.