मोबाइल होमचा फ्लोअर "पाया नाही" म्हणून खचतो? नाही हो!

अमेरिकेत घर शोधणाऱ्या आपल्या लोकांमध्ये सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मोबाइल होमला (कारखान्यात बांधून चाकांवरून जागेवर आणलेल्या घराला) पाया नसतो, ते चाकांवर उभं असतं, म्हणून फ्लोअर खचतो, जड फर्निचर ठेवलं की आणखी खचतो, माल स्वस्तातला असल्यामुळे दहा वर्षांत हे होणारच, आणि झालंच तर वरून प्लायवूड मारा, काम खतम. यातलं जवळजवळ सगळं चुकीचं आहे आणि शेवटचा सल्ला तर घराची वाट लावणारा आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी चाकांचं. चाकं फक्त घर आणण्यापुरती. एकदा जागेवर बसवलं की खालचे स्टीलचे आय-बीम काँक्रीट ब्लॉकच्या पिअरवर, म्हणजे छोट्या खांबांवर टेकतात, वर लाकडी जॉइस्ट, म्हणजे आडव्या तुळया, आणि त्यावर फ्लोअरचा बोर्ड, म्हणजे आधार असतोच. तो आधार हलू शकतो हे खरं. टेक्सासमधली काळी चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिकडे मिनेसोटात जमीन गोठून वर उचलली जाते, मग एखादा पिअर खाली बसतो नाहीतर तिरका होतो. पण तेव्हा फ्लोअर एका बाजूला उतरता होतो, दारं घासायला लागतात, खिडक्या अडकतात, आणि गोटी ठेवली तर घरंगळत जाते. पायाखाली मऊ लागत नाही! हा फरक मेसेजवाल्याला माहीतच नाही, आणि सगळा घोळ इथेच आहे. उतार आला असेल तर री-लेव्हलिंग करायचं, म्हणजे जॅकने थोडं थोडं उचलून शिम (फटीत बसवायच्या पातळ पट्ट्या) घालायचे, आधी टाय-डाउनचे, म्हणजे घर जमिनीला बांधून ठेवणारे पट्टे सैल करून. हे काम माहितगार माणसाकडूनच करून घ्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर घराखाली शिरणं जिवावर बेतू शकतं.

आता पाय दबतो, स्पंजसारखं लागतं, तर ते पाणी. दहातल्या नऊ वेळा असं आकड्यात मी सांगणार नाही, पण पहिला संशय पाण्यावरच घ्या. जुन्या मोबाइल होम्समध्ये फ्लोअरला सर्रास पार्टिकल बोर्ड वापरलेला असायचा, लाकडाचा भुसा आणि चिकट रेझिन दाबून बनवलेला. कोरडा असेपर्यंत तो ठीक असतो, एकदा भिजला की फुगतो, भुगा होतो, आणि नंतर वाळवला तरी ताकद परत येत नाही. टॉयलेटच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, वॅक्स रिंग (टॉयलेटखालची मेणाची सीलची कडी) गळत असेल तर तो आरामात आत जातो. वॉटर हीटरखाली, टबच्या कडेला, वॉशिंग मशीनमागे, खिडकीखाली, सगळीकडे तेच.

खालून बघितलं तर अजून कळतं. फ्लोअरखाली इन्सुलेशन असतं आणि ते धरून ठेवायला बेली रॅपचं काळं कापड. किचनचा पाइप गळला तर पाणी त्या कापडात साठतं, कापड पोटासारखं लोंबतं, आणि ओल पसरत जाऊन बोर्ड भलत्याच खोलीत मऊ पडतो. मग लोक बेडरूमचा फ्लोअर बदलतात आणि गळती तशीच! दुसरं म्हणजे ड्रायरची नळी. कित्येक घरांत ती बाहेर न काढता घराखालीच सोडलेली असते, जमिनीवर लिंटचा (कपड्यांतून निघालेल्या तंतूंचा) राखाडी थर बसलेला दिसतो, आणि कपड्यांतली सगळी वाफ रोज फ्लोअरला खालून लागते. जमिनीवर ओल अडवणारा प्लास्टिकचा व्हेपर बॅरिअर नसेल, स्कर्टिंगची (घराखालची मोकळी जागा झाकणाऱ्या भोवतालच्या पॅनल्सची) हवेसाठीची व्हेंट थंडीत बंद केली ती कायमची बंदच राहिली असतील, तर मग बघायलाच नको.

फर्निचरचं म्हणाल तर १५ जून १९७६ पासून ही घरं फेडरल हड कोडप्रमाणे (HUD, म्हणजे अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याच्या नियमांप्रमाणे) बांधावी लागतात, आणि त्यात फ्लोअर दर चौरस फुटाला ४० पाउंड भार पेलेल असा डिझाइन करावा लागतो. सोफा, कपाट, पलंग यांनी काही होत नाही. मोठा फिश टँक असेल तर खालून जास्तीचा आधार द्या, एवढंच. कपाटाखाली फ्लोअर दबलाय म्हणजे बोर्ड आधीच भिजलाय.

"दहा वर्षांत होणारच" याला तर काही आधारच नाही. गळती वेळेवर पकडली, खालून कोरडं ठेवलं तर फ्लोअर कितीतरी वर्षं टिकतो.

आणि वरून प्लायवूड मारायचं म्हणाल तर कृपा करून नको. खाली ओला बोर्ड तसाच सडत राहतो, ओल जॉइस्टपर्यंत जाते आणि जे काम एका कोपऱ्यापुरतं होतं ते अख्ख्या खोलीचं होऊन बसतं. आधी गळती बंद करा, सगळं सुकू द्या, सडलेला भाग जॉइस्टच्या मध्यापर्यंत कापून काढा, भिंतीलगत जिथे कडेला आधार उरत नाही तिथे आडवं लाकूड ठोका, मग त्याच जाडीचा प्लायवूड बसवा. जॉइस्ट काळा पडून मऊ झाला असेल तर शेजारी नवीन जोडायचा.

घर विकत घेणार असाल तर फ्लोअरवरचं नवंकोरं व्हिनिल बघून खूश होऊ नका. टॉयलेटजवळ, सिंकसमोर, बाहेरच्या दाराच्या आत जोर देऊन उभे राहा, स्कर्टिंगचं एक पॅनल काढून टॉर्चने खाली बघू द्या म्हणा, आणि विकणारा नाही म्हणाला तर पैसे देऊ नका.